गोळी विसरणं म्हणजे हट्ट नव्हे

रसायनी-मोहोपाडा भागात कितीतरी घरांतली थोरली मंडळी हिंदुस्थान ऑर्गॅनिकसारख्या कारखान्यांत शिफ्ट करून निवृत्त झाली. आता त्यांच्या उशाशी शुगरच्या, बीपीच्या गोळ्यांची पिशवी असते. "अब्बा, गोळी घेतली?" "घेतली की!" आणि पाकिटात गोळी तशीच. मग आपण चिडतो, 'मुद्दाम घेत नाहीत' म्हणतो.

हे फक्त आपल्याच घरात होत नाही. विकसित देशांतही दीर्घ आजारात सांगितल्याप्रमाणे उपचार घेण्याचं प्रमाण सरासरी 50 टक्केच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात म्हटलंय. असं का होतं, याचा अभ्यास परिचारिकांनीही केला आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॅकलिन डनबार-जेकब या परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञही. त्यांच्या संशोधनाचा हाच मुख्य विषय. अशा अभ्यासांत बाटलीला खास झाकण बसवतात. बाटली कधी उघडली याची वेळ त्यात नोंदली जाते. रुग्ण सांगतो त्यापेक्षा ही नोंद बहुधा कमीच भरते. पण तो खोटं बोलतो असं नाही. रोज तेच काम केलं की कालची आठवण आजची वाटते.

आणखी एक गोष्ट समजून घेऊ. जुनं आठवणं वेगळं आणि ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आठवणं वेगळं. चाळीस वर्षांपूर्वीची नाइट शिफ्ट अब्बांना लख्ख आठवते, पण रात्री 9 ची गोळी निसटते. त्यात आजाराचाही हात असतो. बीपी बरीच वर्षं वाढलेलं राहिलं तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. शुगर फार उतरली की माणूस गोंधळतो. म्हणजे गोळी चुकली की आजार वाढतो, आजार वाढला की गोळी आणखी चुकते.

म्हणून रागावण्यापेक्षा घरातली व्यवस्था बदलूया. गोळी रोजच्या सवयीला बांधा : सकाळचा चहा, इशाची नमाज. आठवड्याच्या खान्यांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. तो घरातल्या एकाच माणसाने भरावा, म्हणजे रिकामा खाना बघून कळतं. पाकिटावरचं इंग्रजी अम्मींना वाचता येत नसेल, तर उर्दूत किंवा मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा. नाहीतर सूर्य आणि चंद्र काढा. चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

रमजानमध्ये तर जेवणाच्या वेळाच बदलतात. गोळ्या आपल्या मनाने सेहरी-इफ्तारला हलवू नका. महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा. रोजा ठेवणं झेपेल का, डोस कसा बदलायचा, हे तेव्हाच विचारा.

आणि नीट गोळ्या घेणारा माणूस अचानक वारंवार विसरू लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना तेही सांगा. ते आजाराचंच लक्षण असू शकतं.