संमतीची एक सही

अल्पवयीन मुलाचे पारपत्र काढावयाचे, तर एरवी आईबाप दोघांची संमती मागितली जाते. हे पारपत्र सामान्यतः ५ वर्षे चालते. तेवढ्यात संसार मोडला तरी ती सही कायमच! प्रत्यक्ष प्रस्थानाच्या वेळी दुसऱ्या पालकाची संमती दाखविण्याचे सर्वसाधारण बंधन आपल्या कायद्यात नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम अगोदर मिळविला असेल तरच काही आशा. मूल गेल्यावर तर वाट फारच बिकट. नेलेल्या मुलांच्या परतीसाठी १९८० साली झालेल्या हेग करारात भारत सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये तशी शिफारस केली होती. परदेशी छळ सोसून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रीचे काय, हा त्यावरील आक्षेप; तो मुळीच पोकळ नाही. परकीय न्यायालयाच्या हुकमापेक्षा मुलाचे हित श्रेष्ठ, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली सांगितले. पण जिचे मूल येथून नेले गेले, त्या मातेलाही याच धोरणाने आपण वाऱ्यावर सोडले आहे, त्याचे काय? निदान ताब्याच्या दाव्यात कुटुंब न्यायालयाने पहिल्याच तारखेस मुलाचे पारपत्र जमा करावयास लावावे, आणि दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून ते परत देऊ नये.