तोतरेपणा : सुधारणा मोजायची कशी?

ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. तोतरेपणा मात्र असा एका आकड्यात बसत नाही. त्यामुळे घोटाळा होतो. उपचार सुरू होऊन दोन महिने झाले, की ‘अजून अडखळतोच’ म्हणून घरची मंडळी ते थांबवतात. आणि चार दिवस बोलणे सुरळीत झाले, की ‘बरा झाला’ म्हणूनही थांबवतात. दोन्ही वेळी माप चुकलेले असते.

वाचातज्ज्ञ रुग्णाच्या बोलण्याचा नमुना घेतात. 300 अक्षरे बोलताना 15 वेळा अडखळला, तर प्रमाण 5 टक्के. हे माप उपयुक्त आहे. पण तोतरेपणाला भरती-ओहोटी असते. आरतीत किंवा सर्वांबरोबर पाढे म्हणताना न अडखळणारा मुलगा वर्गात स्वतःचे नाव सांगताना अडतो. ते ढोंग नव्हे; या दुखण्याचा तो स्वभावच आहे. म्हणून घर, शाळा, दुकान, फोन अशा ठिकाणचे नमुने अनेक आठवडे घ्यावे लागतात.

लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 1980 च्या दशकात विकसित झालेल्या लिडकोंब पद्धतीत पालकच रोज गुण देतात. आज 0 म्हणजे अजिबात अडखळणे नाही आणि 9 म्हणजे अत्यंत तीव्र, अशी मोजपट्टी वापरतात. तज्ज्ञांकडून ती समजून घेतली, की घरच्या कॅलेंडरवरही नोंद ठेवता येते. एका दिवसाचा आकडा पाहू नका, महिन्याचा कल पाहा.

मोठ्या माणसांत तोतरेपणा लपलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाची जीभ ‘र’ वर अडायची. अलिबागहून एस.टी.ने रेवदंड्याला जाताना तो तिकीट चौलचे मागायचा आणि उरलेली वाट पायी तुडवायचा. कंडक्टरच्या लेखी त्याचे बोलणे स्वच्छ होते! उपचारानंतर काही महिन्यांनी तो तीनदा अडखळून का होईना, ‘रेवदंडा’ म्हणाला आणि घरापर्यंत बसने गेला. अडखळण्याचा आकडा वाढला होता; मी मात्र वहीत ‘प्रगती’ असे लिहिले.

म्हणून पालकांनो, हेही विचारा : मुलगा शब्द टाळतो का? वर्गात हात वर करतो का? फोन स्वतः घेतो का? दुकानात आपले सामान आपण मागतो का? उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने हेच प्रश्न पुन्हा विचारावेत. मोठ्यांमध्ये तोतरेपणा पुन्हा डोके वर काढणे नेहमीचे आहे. तसे झाले तर केलेले श्रम वाया गेले असे मानू नये. पुन्हा तज्ज्ञांना भेटावे.

सुमारे 5 टक्के मुले लहानपणी कधी ना कधी तोतरी बोलतात आणि त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे सुधारते. मोठेपणी हे प्रमाण सुमारे 1 टक्का उरते. परंतु अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, किंवा घरात आणखी कोणी तोतरे असेल, तर थांबू नये. जिभेला वेखंड चोळण्यात किंवा ‘खात्रीने बरे करू’ अशा जाहिरातींत वेळ दवडू नये. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचोपचार होतात. मांडव्याहून लाँचने जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. म्हणूनच घरची नोंदवही आणि मोबाइलवर मुद्रित केलेले बोलणे सोबत न्यावे. त्यामुळे तज्ज्ञांना एका भेटीत महिन्याचे चित्र दिसते.

आणि मूल बोलत असताना त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. ते काय सांगते आहे, तिकडे लक्ष द्यावे.