सत्तांतरात अडकलेली कारशेड

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो कुलाबा, वांद्रे आणि सीप्झ यांना जोडते. मार्ग ३३.५ किलोमीटरचा; २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. पण ती रखडली जमिनीवरच्या एका प्रश्नामुळे : कारशेड कुठे बांधायची?

रोज रात्री गाड्या कारशेडमध्ये परततात. चाके, ब्रेक, विजेची यंत्रणा तपासून पहाटे त्या पुन्हा मार्गावर येतात. भुयार पूर्ण झाले तरी कारशेडशिवाय प्रवासी सेवा चालवता येत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, कारशेडसाठी ठरलेल्या आरे या हरित पट्ट्यातील झाडे रातोरात तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. नोव्हेंबरात सत्तेवर आलेल्या उद्धव ठाकरे सरकारने कामाला स्थगिती दिली. जानेवारीत ही मेट्रो बांधणाऱ्या कॉर्पोरेशनच्या व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे यांची बदली झाली. पुढे कांजूरमार्गची जागा ठरली, तर केंद्राने त्या जमिनीवर हक्क सांगितला आणि उच्च न्यायालयाने काम रोखले. कॉर्पोरेशनमध्ये केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार. तिच्याच कारशेडसाठी दोघे न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि कारशेड पुन्हा आरेत आली, भिडेही परतल्या.

संपूर्ण प्रकल्पाचा मूळ खर्च २३,१३६ कोटी रुपये होता. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३३,४०५ कोटींना मंजुरी दिली. ही सगळी वाढ कारशेडच्या वादाची नाही, मध्ये करोनाही येऊन गेला. पण लांबलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत मोजावीच लागते. मुंबईकरांना पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, कुलाब्याकडच्या टोकाला कफ परेडपर्यंतचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये.

आधीच्या सरकारचा निर्णय बदलण्याचा अधिकार नव्या सरकारला आहेच. आरेतील झाडे वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांचा प्रश्नही खरा होता. म्हणूनच त्याचा निकाल भुयार खणायला घेण्यापूर्वी लागायला हवा होता. पुढच्या मेट्रोंसाठी तीन गोष्टी नियमात हव्यात. कारशेडची जमीन निर्विवाद ताब्यात आल्याशिवाय खोदकाम सुरू होऊ नये. प्रकल्पप्रमुखाला ठरावीक मुदत मिळावी. आणि जागा बदलायची असेल, तर वाढणारा खर्च आणि विलंब सरकारने आधी विधिमंडळात मांडावा. पैसे नागरिकांचे आहेत. हिशेब मागण्याचा हक्कही त्यांचाच आहे.