भंगारात देण्याआधी कॅबिनेट उघडा

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, तेही नेमके दिवाळीच्या तोंडावर. त्यामुळे त्या दिवाळीत टीव्ही-फ्रिजच्या जोडीला कॉम्प्युटरच्याही एक्स्चेंज ऑफर जोरात होत्या. जुना डेस्कटॉप घेऊन दुकानात गेलं की निदान ठरलेलं: ‘प्रोसेसर जुना झालाय, स्लो चालणारच.’ हे निदान मला निव्वळ आळशीपणाचं वाटतं. नवी सॉफ्टवेअर जड झाली आहेत हे खरं, पण वापरून वापरून प्रोसेसरचा वेग उतरत नाही. काल ३ गिगाहर्ट्झने पळणारा आज ०.८ वर रांगत असेल, तर कुणीतरी त्याला धरून ठेवलेलं असतं.

तो खरंच रांगतोय का, हे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर दिसतं. मशीन निवांत असताना ‘स्पीड’ खाली येतो, त्यात काही वावगं नाही. पाहायचं ते जड काम चालू असताना. तेव्हा सीपीयू १५ टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि हा लेख इथेच सोडा.

दुसरी तक्रार नव्या मशीनवाल्यांची: ‘खोक्यावर ४.८ लिहिलंय, मिळतात २.९!’ इंटेलचा आय-७ १०७०० घ्या. त्याचे ४.८ हे एखाद्या कोअरपुरते, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर. आठही कोअर कामाला लावले की इंटेलच्या शिफारशीप्रमाणे साधारण २८ सेकंद तो भरपूर वीज ओढतो, मग ६५ वॅटच्या मर्यादेत परततो. त्या मर्यादेत हमी फक्त २.९ ची. असेंबल्ड मशीनमध्ये मदरबोर्डवाले ही मर्यादा बऱ्याचदा सैल सोडतात. ब्रँडेड डबा ती इमानेइतबारे पाळतो. यात बिघाड काही नाही, पण मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही.

खरा बिघाड बहुतेकदा उष्णतेचा. आमच्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले काका फॉरमॅट मारायच्या भानगडीत न पडता आधी पक्कड-स्क्रूड्रायव्हर काढतात. परवा त्यांच्या टेबलावर एक आय-५ होता. तापमान ९९-१००, वेग घसरत चाललेला. काकांनी बाजूचा पत्रा काढला आणि हीटसिंक बोटाने हलवून पाहिला. हलला. इंटेलच्या पंख्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात; त्यातली एक मदरबोर्डमधून सुटून वर आली होती. म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात प्रोसेसरला टेकतच नव्हता. ‘ही एक खुंटी बघा, हिच्यापायी लोक मशीन बदलतात,’ काका म्हणाले. त्यांनी वाळून खडूसारखी झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. टक्, टक्. तेच काम पुन्हा चालवलं तर तापमान ७० च्या आत.

शंभराच्या आसपास पोचलं की जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. आपल्याकडे त्याला तसं करायला भाग पाडायची पुरेपूर व्यवस्था असते: कॉम्प्युटर टेबलाचा बंद कप्पा, वर विणलेलं कव्हर, मागे भिंत. दिवाळीला माळा झाडून होतो, कॅबिनेट मात्र राहतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. आणि आधी प्लग काढा.

तापमान ४५ आणि तरी वेग ०.८ वर अडकलेला? मग संशयित वेगळे. ‘फार तापलं’ हा इशारा कधी कधी मदरबोर्डकडून येतो: त्यावरचा वीजपुरवठ्याचा भाग तापलेला असतो किंवा एखादा सेन्सर खोटं बोलत असतो. त्याआधी विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ बघा. तिथे १०० ऐवजी ९९ असलं, तरी टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढणारा जादा वेग, बंद पडतो. एका टक्क्याचा फरक, पण तो शोधण्यात संध्याकाळ जाते.

एवढं करून मशीन ताळ्यावर आलं, तरी विंडोज ११ चा प्रश्न उरतोच. आय-५ ७४०० जानेवारी २०१७ मध्ये आला, आय-५ ८४०० त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. धाकटा विंडोज ११ साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, थोरला नाही. नऊ महिन्यांच्या फरकावर एक भंगार आणि एक नवा, हे मला पटत नाही. थोरला ज्यांच्याकडे आहे त्यांनी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहतील.