उन्हाळा, माळरान आणि कॅमेरा

वैशाख लागला कीं सोलापूरचे रस्ते दुपारीं ओस पडतात. पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि ज्याला बाहेर पडणें भाग नाहीं तो घरांतच बसतो. परंतु याच दिवसांत, पुरतें उजाडण्यापूर्वीं, कांहीं मंडळी खांद्याला कॅमेरा लावून बार्शीच्या रस्त्यानें नान्नजकडे निघालेलीं दिसतात. त्यांत वकील असतात, शिक्षक असतात, कॉलेजांतले विद्यार्थीहि असतात. वन्यपशुपक्ष्यांचीं छायाचित्रें घेणें हा त्यांचा धंदा नव्हे, छंद आहे. सुटीचा काळ म्हणून ते उन्हाळ्यांत जातात हें खरें; परंतु तेवढेंच कारण नाहीं.

उन्हाळा हा माळरान उघडें करणारा ऋतु आहे. पावसाळ्यांत गुडघाभर वाढलेलें गवत या दिवसांत वाळून खालीं बसतें आणि त्यांत दडलेलें जीवन दृष्टीस पडूं लागतें. पाणवठे आटत जातात. जेथें थोडें पाणी उरतें तेथें प्राण्यांना यावेंच लागतें. सोलापूरच्या उत्तरेस तुळजापूरच्या वाटेवर हिप्परग्याचा म्हणजेच एकरुखचा तलाव आहे. त्याचें पाणी मागें हटलें कीं उघड्या पडलेल्या चिखलांत पाणपक्षी चरतात. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यांतहि याच दिवसांत रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयास मिळतात. अर्थात् पक्षी शोधण्याचें निम्में काम उन्हाळाच करून ठेवतो.

नान्नजचा माळ शहरापासून सुमारें २० किलोमीटरवर आहे. दाट अरण्याच्या कल्पनेनें जाणारा प्रथम निराश होतो. कारण तेथें गवत, खुरटीं झुडपें आणि मुरमाड जमीन यांखेरीज कांहीं नाहीं असें वाटतें. परंतु काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी, चंडोल यांचें घर असाच उघडा माळ असतो. माळढोकाच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं येथें अभयारण्य जाहीर झालें. आज जगांत माळढोकांची संख्या २०० हूनहि कमी असून त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. नान्नजला तो आतां क्वचितच दिसतो. या एका गोष्टीचें स्मरण ठेवूनच पुढील सर्व विवेचन समजून घ्यावयाचें आहे.

प्रथम प्रकाशाचा विचार करूं. माळावरचा उपयुक्त प्रकाश सूर्योदयापासून दीड-दोन तासांचा आणि सूर्यास्तापूर्वींचा तेवढाच. नऊ वाजून गेले कीं जमीन तापते. तिच्या लगतची हवा गरम होऊन वर जाऊं लागते आणि थंड हवा तिच्यांत मिसळते. गरम व थंड हवेंतून प्रकाशकिरण सारखे वळत नाहींत. म्हणून दूरचा काळवीट पाण्याखालीं असल्यासारखा थरथरतो. मृगजळाचें कारणहि मुळांत हेंच. भिंग कितीहि मोलाचें असो, अशा वेळीं चित्र धूसरच येतें. लांब पल्ल्याच्या भिंगानें हा दोष झांकत नाहीं, उलट मोठा होऊन दिसतो.

काळविटाचें चित्र आणखी एका कारणानें अवघड असतें. प्रौढ नराची पाठ काळी, पोट पांढरें आणि भोंवतालचें गवत फिकट पिवळें. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सारें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. उजळ गवतानें चौकट भरली कीं तो प्रकाश कमी घेतो आणि काळ्या पाठीवरचा तपशील नाहींसा होतो. प्रकाश वाढवावा, तर पोटाचा पांढरा रंग जळून जातो. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत काळ्या-पांढऱ्यांतलें अंतर कमी असतें. त्यामुळें दोन्ही रंग आपापल्या जागीं राहतात.

दुसरा प्रश्न जवळ जाण्याचा. माळावरचें जनावर पायीं चालणाऱ्या माणसाला फार दुरून ओळखतें आणि निघून जातें. परंतु बैलगाडीला तें तितकें भीत नाहीं. जुन्या काळचे शिकारी याच गोष्टीचा फायदा घेऊन गाडीच्या आडून काळवीट मारीत. इंग्लंडमध्यें रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें १९०० च्या सुमारास त्यांनीं बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करविला आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन ते पक्ष्यांजवळ बसले. विलायतेंतला तो बैल आणि सोलापूरची बैलगाडी यांचें तत्त्व एकच: पांखराला माणसाची आकृति दिसूं देऊं नये. आज हें काम मोटार करते. मान्य रस्त्यावर मोटार उभी करून, यंत्र बंद करून, आंतच स्वस्थ बसावें. दार उघडून खालीं उतरतांच सारा डाव मोडतो.

पाण्याजवळचें छायाचित्रण याहून नाजूक आहे. पखुर्डीचे थवे सकाळीं ठराविक वेळेला पाण्यावर उतरतात. पिलें लहान असलीं तर नर आपल्या पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवितो आणि तें पाणी दूरवर पिलांकडे नेतो. मीड-वाल्डो यांनीं १८९६ सालीं ही गोष्ट सांगितली तेव्हां ती पुष्कळांना पटली नव्हती. १९६७ सालीं केड व मॅक्लीन यांच्या अभ्यासानें ती निर्विवाद ठरली. आतां पाण्याच्या कांठावरच कोणी ठाण मांडून बसला, तर थवा वरून घिरट्या घालून न उतरतां परत जातो. त्या एका सकाळीं छायाचित्रकाराचें केवळ चित्र हुकतें, परंतु पिलांचें पाणी हुकतें. म्हणून लपण पाण्यापासून दूर असावें, पांखरें येण्यापूर्वीं त्यांत शिरावें आणि तीं पिऊन गेल्यावरच बाहेर यावें.

मात्र उन्हाळी छायाचित्रणाची खरी कसोटी घरट्यापाशीं लागते. टिटवी व धाविक यांचा विणीचा काळ मार्चपासून पुढें असतो आणि दोघेहि अंडीं उघड्या जमिनीवरच घालतात. टिटवीचीं बहुधा चार अंडीं मातीच्या रंगांत इतकीं मिसळून जातात कीं पायाखालीं येईपर्यंत दिसत नाहींत. अंडीं उबविणें म्हणजे त्यांना ऊब देणें, अशी आपली समजूत असते. सोलापूरच्या मे महिन्यांत काम नेमकें उलट असतें. दुपारीं उघडी जमीन ५० अंशांपलीकडे तापते. अंड्यांतल्या जीवाला मात्र ४० च्या पुढची उष्णता फार वेळ सोसत नाहीं. म्हणून टिटवी अंड्यांवर उभी राहून त्यांना आपली सावली देते आणि मधून मधून पाण्यावर जाऊन ओलें पोट घेऊन येते.

अशा वेळीं चांगलें चित्र मिळावें म्हणून कोणी घरट्याजवळ उभा राहिला तर काय होतें? टिटवी उठते, डोक्यावर ओरडत फिरते, पंख पसरून खोटेंच लंगडते. चित्र मोठें मनोहर येतें. आणि तेवढ्या वेळांत अंडीं उन्हांत शिजूं लागतात. घातलेला हात दिसत नाहीं, मारलेला दगड दिसत नाहीं, तरी घरटें मोडतें. कित्येक जण चित्र स्वच्छ यावें म्हणून भोंवतालचें गवत उपटतात. त्यायोगें सावली जाते आणि कावळ्याला व मुंगसाला वाट दाखविली जाते. माळढोकाची मादी तर एका वेळीं बहुधा एकच अंडें घालते. ज्या जातीचे दोनशेंहि पक्षी उरले नाहींत, तिच्या एका अंड्याचें मोल कोणत्या चित्रानें भरून निघेल?

यावरून नियम सरळ निघतो. टिटवी ओरडूं लागली म्हणजे ती आपल्याला जा म्हणत आहे असें समजावें आणि आल्या वाटेनें मागें फिरावें. घरट्याची जागा कोणाला सांगूं नये, चित्राखालीं छापूं नये. अभयारण्यांत छायाचित्रणासाठीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवानगी लागते. ती घेऊन, नेमलेल्या रस्त्यानेंच जावें.

परत आल्यावरचें कामहि महत्त्वाचें आहे. प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, प्राण्यांची संख्या आणि त्यांचें वर्तन लिहून ठेवावें. मूळचे सोलापूरचे, वनाधिकारी व लेखक मारुति चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’सारखा ग्रंथ जवळ असल्यास पांखरांचीं मराठी नांवेंहि नोंदींत येतील. एका उन्हाळ्याचीं चित्रें करमणूक करतात. दहा उन्हाळ्यांच्या नोंदी माळ कसा बदलत आहे हें सांगतात.

छायाचित्रकार दहाच्या सुमारास घरीं परततो, माठांतलें पाणी पितो आणि पंख्याखालीं बसून सकाळचीं चित्रें पाहतो. त्याच वेळीं माळावर टिटवी भर उन्हांत आपल्या अंड्यांवर उभी असते. तिला तेथें उभें राहूं देऊन जो परतला, त्याचें चित्र थोडें दुरून घेतलेलें असेल. परंतु पुढच्या उन्हाळ्यांत चित्र घेण्यासाठीं तेथें टिटवी असेल.