बदल कुणी सांगितला?

आर्किटेक्टच्या ऑफिसात एकही वीट रचली जात नाही. तिथून बाहेर जातात ते नकाशे, दारं-खिडक्यांचे तक्ते, पत्रं आणि अलीकडे मोबाइलवरून दिलेली उत्तरं. साइटवर जे चुकतं त्यातलं बरंचसं कारागिराच्या हातून चुकलेलं नसतंच. त्याच्या हातात जो कागद होता त्याप्रमाणे त्याने चोख काम केलेलं असतं, फक्त तो कागद मागच्या महिन्यातला असतो. तरीही ऑफिसचा कारभार सुधारायचा विषय निघाला की बोलणं सुरू होतं ते कामं वाटून देणाऱ्या एखाद्या ॲपपासून. कुणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि किती झालं. याने शिस्त येते हे खरं, पण मूळ दुखणं तसंच राहतं. नकाशा दोन दिवस उशिरा निघाला तर ठेकेदार कुरकुर करतो आणि थांबतो. घेतलेला निर्णय कुठेच लिहिलेला नसेल तर मात्र तो थांबत नाही, चुकीचं बांधून मोकळा होतो. सुधारणेची सुरुवात म्हणून कामांच्या यादीआधी निर्णयांची नोंद व्हायला हवी, असं माझं मत आहे.

हा निर्णय नावाचा प्रकार ऑफिसातून साइटपर्यंत कसा जातो, हे एका बदलाचा माग काढला की दिसतं. बंगल्याचं काम आहे. पहिल्या स्लॅबचं शटरिंग लागतंय. अशा वेळी मालकांकडे कुणी वास्तूचे जाणकार येऊन जातात आणि वरच्या मजल्यावरचं ईशान्येचं टॉयलेट वायव्येला न्यावं असं ठरतं. आर्किटेक्ट फोनवर ऐकून घेतो, प्लॅनकडे बघतो आणि ‘होईल’ म्हणतो. आता हा एक शब्द कुठे कुठे पोचायला हवा ते पाहा. टॉयलेटखालचा स्लॅब आठ-दहा इंच ते फूटभर खाली सोडलेला असतो, कारण न्हाणी ट्रॅप आणि पाइपांचा उतार त्यात बसवायचा असतो. टॉयलेट हललं की हा खड्डा हलतो, खड्डा हलला की त्याच्या कडेच्या बीम हलतात, म्हणजे आरसीसी कन्सल्टंटला सळयांचं ड्रॉइंग नव्याने काढावं लागतं. मैल्याचा पाइप उतरायचा शाफ्ट ईशान्येलाच राहिला. वायव्येला दुसरा शाफ्ट द्यायचा, की पाइप बीमखालून आडवा नेऊन खालच्या दिवाणखान्याचं छत खाली आणायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं. भिंतीवर टांगायचा कमोड घ्यायचा असेल तर त्याची टाकी भिंतीत जाते आणि चार इंची भिंत पुरत नाही. गीझरचा पॉइंट, एक्झॉस्टची जागा, टाइल्सची मांडणी, खिडक्यांचा तक्ता, प्लंबरचं कोटेशन, सगळीकडे थोडा थोडा फरक पडतो. मंजूर नकाशात त्या भिंतीला खिडकी नव्हती, तो प्रश्न आणखी वेगळा.

ऑफिसात प्लॅन जिच्याकडे आहे ती मुलगी संध्याकाळपर्यंत प्लॅन बदलून टाकते. टॉयलेटची तपशीलवार शीट दुसऱ्याच्या मशीनवर असते आणि तो दुसऱ्या कामाच्या टेंडरमध्ये अडकलेला असतो. कन्सल्टंटला नवा प्लॅन मेल होतो, पण नेमकं काय बदललं हे मेलमध्ये लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो त्यांच्या ऑफिसात दोन दिवस न उघडता पडतो. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी कन्सल्टंटचा माणूस सळया तपासायला येतो, त्याच्या हातातल्या ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर असतं, आणि तो सही करतो. इथे कामचुकार कुणीच नाही. कामांची यादी ठेवली असती तर प्रत्येकाच्या नावापुढे ‘झालं’ अशीच खूण पडली असती. महिन्याभराने प्लंबर वर चढतो तेव्हा कळतं की खड्डा ईशान्येला आहे आणि टॉयलेट वायव्येला. मग वायव्येला फरशी उचलून उंबऱ्याला पायरी करायची, ईशान्येचा खड्डा भरून काढायचा आणि खर्च कुणाच्या माथी मारायचा यावर वाद घालायचा.

पूर्वी ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढून त्यांच्या अमोनिया प्रती निघत, तेव्हा प्रत काढायलाच वेळ आणि पैसा लागे. त्यामुळे कुणाला किती प्रती दिल्या याचं रजिस्टर आपोआप राहायचं, जुन्या प्रती परत मागवून त्यावर ‘रद्द’ शिक्का मारला जायचा. पीडीएफची प्रत फुकट निघते आणि परत मागवता येत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सुधारित’ अशी भावंडं जमतात, आणि सुपरवायझर वाचायला सोपा पडतो म्हणून त्यातल्या एकाचा फोटो काढून मिस्त्रीला पाठवतो. त्या फोटोत कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर कापला गेलेला असतो. त्यात महाराष्ट्रात एक खास गुंता आहे. पुण्यासह अनेक महापालिकांत मंजुरीचा नकाशा ऑटोडीसीआरसारख्या प्रणालीतून तपासला जातो. चटईक्षेत्र आणि सामासिक अंतरं संगणकाला मोजता यावीत म्हणून त्या फाइलमध्ये प्रत्येक रेघ ठरवून दिलेल्या लेयरवर काढावी लागते. साहजिकच ती फाइल कामाच्या ड्रॉइंगपासून वेगळी ठेवली जाते. मग मार्केटिंगचा प्लॅन तिसरा, कन्सल्टंटने आपल्या ड्रॉइंगखाली घेतलेला प्लॅन चौथा. एकाच इमारतीचे चार अवतार, आणि कुठल्या अवतारात कालचा बदल उतरला आहे हे फक्त एका माणसाच्या डोक्यात.

न नोंदलेल्या बदलाचं टोक किती भयंकर असू शकतं हे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दिसलं. १७ जुलै १९८१ रोजी तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ रचनेत वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड गजांवर टांगायचा होता. लांब गजांना पूर्ण आटे पाडणं अवघड म्हणून पोलाद तयार करणाऱ्या कंपनीकडून बदल सुचला. वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगायचा. दिसायला किरकोळ, पण त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचा भार आला. मूळ जोडही नियमापेक्षा कमजोरच होता, हे चौकशीत निघालं. बदल फोनवर विचारून मान्य करून घेतला होता असं कंपनीचं म्हणणं होतं. असा फोन आलाच नव्हता असं इंजिनिअरांचं म्हणणं. ड्रॉइंगवर मात्र त्यांचा मान्यतेचा शिक्का होता, आणि त्यांचे परवाने गेले. त्या बदलाचं गणित कुणी आणि कधी केलं, असा प्रश्न एका ओळीच्या नोंदीनेही समोर आला असता. हिशेब केला गेलाच नव्हता, हे तिथेच उघडं पडलं असतं.

अशी नोंद ठेवणं आपल्याला परकं नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, आजही याच तत्त्वावर चालते. पानांना आधीच क्रमांक, नोंद शाईने, पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून खाली बरोबर आकडा लिहून सही करायची. एमबीत खोटी मापंही भरली जातात हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, पण ती कुणाच्या सहीने भरली हे चौकशीत सापडतं तेही त्याच पानावर. सरकारी कामांवर हिंडरन्स रजिस्टरही असतं. काम कशामुळे अडलं, कुठल्या तारखेला अडलं आणि कधी सुटलं, हे त्यात लिहितात आणि मुदतवाढीचा निकाल त्यावर लागतो. खासगी आर्किटेक्टांनी सरकारी कामाचा वेळकाढूपणा नको म्हणून ही वह्यांची शिस्तही सोडून दिली, हे मला नुकसानीचं वाटतं.

निर्णयाच्या नोंदवहीत फार काही लागत नाही. अनुक्रमांक, तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, का ठरवलं, आणि त्यामुळे कुठल्या शीट बदलायला हव्यात. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण कामांची यादी त्यातूनच जन्माला येते. वायव्येच्या टॉयलेटची नोंद करताना ‘आरसीसी, ड्रेनेज, टॉयलेट तपशील, खिडकी तक्ता, मंजुरी’ असं लिहावं लागलं असतं, आणि लिहिता लिहिताच शाफ्टचा प्रश्न समोर आला असता. सुधारलेल्या शीटवर रिव्हिजनच्या रकान्यात ‘मालकांच्या सूचनेनुसार’ असं मोघम लिहिण्याऐवजी नोंदवहीतला क्रमांक टाकायचा. ‘का’ हा रकाना लोक वगळतात. पण सहा महिन्यांनी नवा माणूस तोच बदल उलटा फिरवायला निघतो तेव्हा त्याला अडवतो तो हाच रकाना.

कामांच्या यादीचं रूपही यामुळे बदलतं. ऑफिसात खोळंबा होतो तो बहुधा काम करणाऱ्यामुळे कमी आणि कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहण्यामुळे जास्त. लिफ्टची कंपनी ठरत नाही म्हणून खड्ड्याचं माप ठरत नाही, माप नाही म्हणून पायाचं ड्रॉइंग अडतं. म्हणून यादीत ‘लिफ्टचं ड्रॉइंग, गुरुवारपर्यंत’ असं लिहिण्यापेक्षा कोण कुणाच्या कुठल्या उत्तरासाठी थांबलं आहे हे लिहावं. मूळच्या विदर्भातल्या घराण्यातले बोस्टनचे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकासाठी बांधकामावरची माणसं कशी काम करतात ते पाहिलं. कामांच्या वेळापत्रकाशेजारी त्यांना दुसरा तक्ता दिसला, कुठल्या तारखेच्या आत कुणी कुणाशी बोलायलाच हवं याचा. शल्यक्रियेसाठी त्यांनी यातून धडा घेतला, आपल्याकडच्या बहुतेक साइटवर तो तक्ता अजून यायचा आहे.

यावर हरकत घेतली जाते ती कलेच्या नावाने. आर्किटेक्ट लॉरी बेकर पाठकोऱ्या कागदावर रेखाटून जागेवर उभं राहून बांधत होते, त्यांना कुठे लागल्या वह्या? खरं आहे. पण बेकर स्वतः साइटवर असत, गवंडी त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, निर्णय घेणारा आणि बांधणारा यांच्यात चार पावलांचं अंतर. एकाच वेळी आठ कामं, सहा कन्सल्टंट आणि ऑफिसपासून शंभर किलोमीटरवर साइट असणाऱ्याने बेकरांचं नाव घेऊ नये. दुसरी हरकत पाच-सात माणसांच्या ऑफिसांची, वेळ नाही ही. इथे लहान ऑफिसचीच गरज मोठी आहे, कारण तिथला एक माणूस नोकरी सोडून गेला की दोन कामांची आठवण त्याच्याबरोबर जाते. एका नोंदीला लागणारा वेळ हा तीच गोष्ट तीन जणांना तीनदा फोनवर सांगण्यापेक्षा कमीच.

बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) आलं की हे सगळं सुटेल, असं म्हणणारेही आहेत. एकाच त्रिमितीय मॉडेलमधून सगळी ड्रॉइंग निघाली तर विसंगती कमी होते, यात शंका नाही. मात्र मॉडेल काय बदललं ते सांगतं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी बदललं ते सांगत नाही. माहिती व्यवस्थापनाच्या २०१८च्या आयएसओ १९६५० या प्रमाणकाचा गाभाही सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीचाच आहे. काम चालू असलेली, इतरांना पाहायला दिलेली, बांधकामासाठी दिलेली आणि जुनी झालेली, अशा चार अवस्थांत प्रत्येक फाइल ठेवायची. चार फोल्डरांत हे आज करता येतं, एकच अट पाळून. तिसऱ्या फोल्डरमध्ये नसलेलं ड्रॉइंग साइटवर जाणार नाही, मग मालक स्वतः मागत असोत.

सगळ्यात खरी हरकत मात्र सहसा मोठ्याने बोलली जात नाही. लिहून ठेवलं तर उद्या तेच आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, ही भीती. ती अनाठायी नाही. पण २०१६च्या रेरा या स्थावर संपदा कायद्यानंतर न लिहिणं जास्त धोक्याचं झालं आहे. किती काम झालं याचं प्रमाणपत्र आर्किटेक्टच्या सहीने जातं, मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकासकावर राहते. चौथ्या वर्षी गळती निघाली आणि विकासकाने बोट आर्किटेक्टकडे वळवलं की ‘मी तेव्हा सांगितलं होतं’ या वाक्याला काडीची किंमत नसते. तारीख घातलेल्या नोंदीला असते.

म्हणून पुढच्या कामाचा करार ज्या दिवशी होईल त्याच दिवशी वही उघडा, मालकांच्या बाजूने शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्या ओळीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या फोनवर नकाशा बदलू नका.