हृदयाची कृत्रिम झडप : धातू, प्लॅस्टिक आणि कोट्यवधी ठोके

वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, यंत्रसामग्री आणि देणग्या यांचा तपशील येतोच. परंतु शस्त्रक्रियागृहात जी वस्तू रुग्णाच्या देहात कायमची ठेवली जाते, ती कशी घडली, याची माहिती हितचिंतकांपर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून येथे हृदयाच्या कृत्रिम झडपेविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना पुढे ऱ्हुमॅटिक ज्वर येतो. सांध्यांची सूज ओसरते, पण हृदयाच्या झडपांवर झालेला आघात मागे राहतो. आपल्या देशात झडपा निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण असून त्याचे बळी बहुधा तरुण असतात. पंचविशीतील रुग्णाला बसविलेल्या झडपेकडून पुढील तीन-चार दशकांच्या सेवेची अपेक्षा असते. हृदय मिनिटाला ७० वेळा स्पंदन पावते असे धरले, तर दिवसाला एक लाख आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा ही झडप उघडते व मिटते. तिला वंगण नाही, देखभाल नाही आणि विश्रांती तर नाहीच. कारखान्यातील कोणत्याही यंत्रभागाकडून अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

या क्षेत्रात प्रारंभापासून शल्यचिकित्सक आणि अभियंता यांची जोडी दिसते. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी जी झडप यशस्वीरीत्या बसविली, ती लॉवेल एडवर्ड्स या निवृत्त अभियंत्यासमवेत तयार केलेली होती. धातूच्या पिंजऱ्यात वर-खाली होणारा सिलिकॉनचा गोळा, अशी तिची साधी रचना होती. त्यातील सुरुवातीचे काही गोळे रक्तातील स्निग्ध द्रव्ये शोषून फुगले आणि तडकले. प्रयोगशाळेच्या पाण्यात उत्तम चालणारा पदार्थ रक्तात तसाच वागेल असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा धडा अधिक कठोर होता. ब्यॉर्क-शायली या तबकडीच्या झडपेचा एक प्रकार १९७९ ते १९८६ या काळात विकला गेला आणि जगभरात सुमारे ८६,००० रुग्णांना बसविला गेला. तबकडीला धरून ठेवणारी एक बारीक दांडी वेल्डिंगने जोडलेली होती. काही झडपांमध्ये ही दांडी जोडापाशी तुटली, तबकडी निसटली आणि अनेक रुग्ण दगावले. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुनःपुन्हा वाकवली की तुटते. अभियंते याला धातूचे थकणे म्हणतात. वेल्डिंगचा जोड सदोष असेल तर हा थकवा तेथूनच सुरू होतो.

भारतात या प्रश्नाला हात घातला तो तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारख्या अभियंत्यांच्या सहभागाने तेथे तबकडीच्या झडपेवर काम सुरू झाले. परदेशी झडपांत वापरला जाणारा पायरोलिटिक कार्बन बनविण्याचे तंत्र तेव्हा येथे उपलब्ध नव्हते, त्यामुळे पर्यायी पदार्थ शोधणे भाग होते. पहिल्या नमुन्यात वेल्डिंग केलेली दांडी तुटली. दुसऱ्यात टायटॅनियमच्या चौकटीत नीलम स्फटिकाची तबकडी बसविली, पण कठीण नीलमापुढे टायटॅनियम झिजू लागले. तिसऱ्यात चौकट कोबाल्ट मिश्रधातूची केली, तर या वेळी नीलमाची तबकडीच भंगली. इतक्या अपयशांनंतरही संस्थेने काम थांबविले नाही, ही गोष्ट आम्हांस तांत्रिक यशाहून मोठी वाटते.

चौथ्या नमुन्यात उत्तर सापडले ते मऊ पदार्थात. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, म्हणजे कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी १९६२ पासून वापरात असलेले प्लॅस्टिक, तबकडीसाठी निवडले गेले. चौकट कोबाल्ट मिश्रधातूच्या एकसंध तुकड्यातून कोरून काढली. जोडच नाही, म्हणून जोडापाशी तुटण्याचा प्रश्न नाही. तबकडी मिटताना स्वतःभोवती मोकळी फिरते, त्यामुळे झीज एकाच जागी न होता सर्वत्र विभागली जाते. मऊ तबकडीमुळे आघातही सौम्य आणि आवाजही कमी. प्रयोगशाळेत ही झडप ३५ कोटींहून अधिक वेळा उघडझाप करून तपासण्यात आली. हे प्रमाण हृदयाच्या सुमारे नऊ-दहा वर्षांच्या कामाइतके होते. मेंढ्यांवरील चाचण्या झाल्या आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथमच मानवी हृदयात बसविण्यात आली. पुढे टीटीके उद्योगसमूहामार्फत तिचे उत्पादन होऊन एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांपर्यंत पोहोचल्या.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी अनेकांची मुले यंत्र वा धातुशास्त्र अभियांत्रिकी शिकतात आणि या शिक्षणाचा रुग्णालयाशी संबंध नाही, असे समजून चालतात. त्यांच्यासाठी सांगावेसे वाटते, की मद्रास आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा संस्था यांनी मिळून क्लिनिकल अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. मुंबई आयआयटीमध्येही वैद्यकीय उपकरणांचे संशोधन चालते. अशा ठिकाणी ताण, झीज आणि थकवा यांची गणिते माणसाच्या देहासाठी सोडवावी लागतात.

आता रुग्णांसाठी. झडप कितीही टिकाऊ असली तरी तिच्या पृष्ठभागावर रक्त गोठण्याची प्रवृत्ती पूर्णतः जात नाही. म्हणून यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारी गोळी आजन्म घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी ठरावीक अंतराने करावी लागते. प्रकृती बरी वाटू लागली की गोळी सोडणारे रुग्ण आढळतात. झडप गुठळीने अडकली की त्यांना अत्यवस्थ स्थितीत आणावे लागते. वेदनाशामक औषधे वा काढे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत, आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. मूल हवे असणाऱ्या भगिनींनी गर्भधारणेपूर्वीच सल्ला घ्यावा, कारण काही गोळ्या गर्भास अपायकारक ठरतात. दात काढावयाचा असल्यास दंतवैद्यांना झडपेची कल्पना आधी द्यावी आणि झडपेचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे.